कोळसा: भट्टी, वाफ आणि ॲसिड, कशानं काय बदलतं? (पैसे टाकण्याआधी वाचा)



कोळशाच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला. "आमच्याकडे करवंट्या जवळजवळ फुकट मिळतात. त्यांचा ॲक्टिव्हेटेड कार्बन करून विकला तर?" एका ताईंनी तर थेट मशीनवाल्याचं कोटेशनच पाठवलं. रक्कम अकरा लाख. त्यात पद्धत दिली होती ती अशी: ड्रममध्ये करवंट्यांचा कोळसा करा, त्यावर फॉस्फोरिक ॲसिड फवारा, दोन दिवस ऊन दाखवा, दळा, पिशवीत भरा. झाला ॲक्टिव्हेटेड कार्बन. पैसे उभे करायला त्या दागिने तारण ठेवणार होत्या आणि मला फक्त एवढंच विचारत होत्या, "मशीन चांगलं आहे ना?"

मशीन चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी त्या पद्धतीनं कोळशात खरंच काय बदलतं ते बघायला हवं. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते. थोडं रसायनशास्त्र येईल, पण घाबरू नका. मी बीबीए केलंय, सायन्स नाही. वॉटर फिल्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवताना कार्बनचे कार्ट्रिज रोज हातात येतात, त्यातून आणि सप्लायरच्या टेस्ट रिपोर्टमधून हे शिकत गेले. तुम्हालाही जमेल.

एक शब्द, चार वेगळे माल

आपल्या भाषेत सगळ्याला "कोळसा"च म्हणतात, आणि धंद्यातला अर्धा गोंधळ इथेच होतो.

खाणीतून येतो तो दगडी कोळसा. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागातला. लाकूड किंवा करवंटी कोंडून जाळून करतात तो लोणारी कोळसा. इस्त्रीवाला, लोहार, तंदूरवाला वापरतो तो. तिसरा "व्हाइट कोल". नावात कोल आहे, पण हा कोळसा नाहीच. भुसा, बगॅस, शेंगांची टरफलं, पऱ्हाट्या यांचा भुगा मशीनमध्ये दाबून केलेल्या त्या कांड्या. त्यांचं कोळशात रूपांतर झालेलंच नसतं. आणि चौथा ॲक्टिव्हेटेड कार्बन. हा जाळण्यासाठी नसतोच. हा पाण्यातला, हवेतला, साखरेच्या रसातला नको असलेला रंग, वास, क्लोरीन पकडण्यासाठी असतो.

दिसायला दुसरा आणि चौथा सारखेच. काळी पूड ती काळी पूड. भावात मात्र कित्येक पटींचा फरक. त्या फरकावरच लोकांना स्वप्नं विकली जातात.

बंद ड्रममध्ये काय होतं

करवंटी उघड्यावर जाळली तर शेवटी मूठभर राख उरते. तीच करवंटी हवा कोंडून तापवली तर कोळसा उरतो. फरक फक्त हवेचा. हवा भरपूर असेल तर कार्बनही जळून जातो. हवा नसेल तर उष्णतेनं लाकडाची मोडतोड होते, जे उडून जाण्यासारखं आहे ते धुरावाटे उडतं आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो.

ही मोडतोड टप्प्याटप्प्यानं होते. आधी ओल जाते. भट्टीतून दाट पांढरा धूर येतो ना, त्यात बराच भाग वाफेचा असतो. ओल पूर्ण गेल्याशिवाय आतलं तापमान फारसं वर चढतच नाही, म्हणून ओल्या मालाला वेळ आणि जळण दोन्ही जास्त लागतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडातले घटक एकेक करून फुटायला लागतात. तीनशे-चारशेच्या दरम्यान सगळ्यात जोराचं काम चालतं: पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर, त्यात डांबर, आंबट अर्क, जळणारे वायू. त्यानंतर धूर पातळ आणि निळसर होतो, मग जवळजवळ दिसेनासा होतो. जुने भट्टीवाले धुराचा रंग बघूनच भोकं बुजवतात. त्यांच्याकडे थर्मामीटर नसतो, पण वाचन बरोबर असतं.

आता धंद्याचा मुद्दा. तुम्ही कुठल्या तापमानाला थांबता त्यावर माल कुठला होईल ते ठरतं. लाकडासाठी सर्वसाधारण आकडे असे आहेत. ३०० अंशांवर थांबलात तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ४२ टक्के कोळसा हाती येतो, पण त्यात निव्वळ कार्बन ६८ टक्क्यांच्या आसपास. बाकीचा मोठा भाग उडून जाणारा, म्हणजे "व्होलाटाइल". ५०० अंशांपर्यंत गेलात तर उतारा ३३ टक्क्यांवर येतो, कार्बन ८६ च्या आसपास. ७०० ला उतारा ३०, कार्बन ९२.

म्हणजे जास्त तापवलं की वजन घटतं आणि दर्जा वाढतो. वजनावर विकणाऱ्याला मोह होतो लवकर थांबायचा. अर्धकच्चा कोळसा वजनाला भरतो, चटकन पेटतो, पण धूर करतो आणि पिवळी लांब ज्योत देतो. असा माल तंदूरवाल्याला दिलात की दुसऱ्या खेपेला फोन येत नाही. उलट खूप तापवलेला कोळसा पेटायला त्रास देतो, एकदा पेटला की मात्र बिनधुराचा आणि जोरदार जळतो. लोहाराला, सोनाराला असाच हवा. घरच्या बार्बेक्यूवाल्याला तो दिलात तर "पेटतच नाही" म्हणून परत आणेल. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी "बेस्ट" असा एकच कोळसा नसतो. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग तापमान.

उष्णतेनं आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे चिकटण्याचा गुण. व्हाइट कोलच्या मशीनमध्ये भुशाला वेगळा डिंक लागत नाही, कारण लाकडातलं लिग्निन उष्णतेनं आणि दाबानं मऊ होतं आणि तेच कांडी धरून ठेवतं. कोळसा झाला की ते लिग्निन मोडलेलं असतं, म्हणून कोळशाची पूड कितीही दाबा, सुटून येते. तिला खळ लागते, साबुदाण्याच्या किंवा मैद्याच्या खळीसारखी. ही खळ फुकट नसते आणि कांडी वाळवायलाही जागा-वेळ लागतो. ब्रिकेटचा हिशोब करताना बरेच जण हे धरतच नाहीत.

दगडी कोळशाबद्दल दोन शब्द

काहींनी विचारलं, दगडी कोळशाचं काही करता येईल का? थोडक्यात सांगते. दगडी कोळसाही हवा कोंडून तापवतात, हजार अंशांच्या वर, कित्येक तास. पण त्यात एक अट आहे. काही विशिष्ट कोळसाच साडेतीनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान मऊ होतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होऊन सच्छिद्र, टणक कोक बनतो. लोखंड गाळायच्या भट्टीत वरचा सगळा भार सोसून न चुरडता जळणारा कोक लागतो. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीनं १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं, तिथून या कोकचं महत्त्व वाढलं. आपल्या देशात असा कोळसा मुख्यतः झारखंडमधल्या झरियाच्या पट्ट्यात आहे. विदर्भातला कोळसा त्या जातीचा नाही, तो तापवला तर चिकटून कोक होत नाही. म्हणून तो वीजनिर्मितीत आणि बॉयलरमध्ये जातो.

कोक करताना जो धूर निघतो त्यातून डांबर मिळतं, आणि त्या डांबरातून नॅफ्थॅलीन. कपाटातल्या "डांबरगोळ्या" हे नाव उगाच पडलेलं नाही! पण हे सगळं मोठ्या कारखान्यांचं काम आहे. छोट्या उद्योजकानं त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

करवंटीचं गणित

आता करवंटी. कोरड्या करवंटीच्या वजनाच्या पाव ते तीस टक्क्यांपर्यंत कोळसा मिळतो. आपण २७ टक्के धरू. भाव मी उदाहरणासाठी घेते, तुम्ही तुमच्या गावचा घाला.

समजा करवंटी तुम्हाला पोहोच १२ रुपये किलो पडते. १,००० किलोचे १२,००० रुपये. कोळसा २७० किलो. म्हणजे मजुरी, जळण, पोती, भाडं काहीही न धरता कोळशाच्या एका किलोमागे नुसत्या कच्च्या मालाचेच ४४ रुपये झाले. आता तीच करवंटी पावसाळ्यात भिजलेली आली, वीस टक्के पाणी घेऊन. तुम्ही पैसे दिले १,००० किलोचे, कोरडा माल मिळाला ८०० किलो, कोळसा २१६ किलो. किलोमागे कच्चा माल ५५ रुपयांच्या वर गेला. पाण्याचे पैसे तुम्ही मोजलेत आणि ते पाणी उडवायला जळणही तुम्हीच घातलंत. ज्यांच्या कोकणात गोदाम नाही त्यांनी जून ते सप्टेंबरच्या खरेदीचा विचार दोनदा करावा.

"पण आम्हाला फुकट मिळतात!" हो, पहिल्या दोन पिकअपपर्यंत. तुम्ही टेम्पो घेऊन तिसऱ्यांदा गेलात की खोबरंवाल्याला कळतं यात पैसा आहे. हिशोबात पहिल्या दिवसापासून भाव धरा.

आणि ॲक्टिव्हेटेड? चांगल्या करवंटी-कोळशाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश ॲक्टिव्हेटेड कार्बन हाती लागतो. म्हणजे आपले २७० किलो घटून ९० वर येतात. १,००० किलो करवंटीतून ९० किलो. कच्च्या मालाचाच खर्च किलोला १३३ रुपये, आणि तोही अजून भट्टी पेटवलीच नाही असं धरून. बाकीचं वजन जातं कुठे? ते मुद्दाम जाळून टाकलेलं असतं. तीच तर खरी प्रक्रिया आहे.

वाफेनं काय होतं

साध्या कोळशात छिद्रं असतात, पण बरीचशी बुजलेली. तापताना जे डांबर बाहेर पडलं त्यातलं काही आतच साचून बसतं. अशा कोळशाला नऊशे ते हजार-अकराशे अंशांवर नेऊन त्यातून पाण्याची वाफ सोडली की वाफ कार्बनवर हल्ला करते. कार्बनचे कण वाफेशी संयोग होऊन वायू बनून निघून जातात. आधी बुजलेली तोंडं मोकळी होतात, मग भिंती कोरल्या जातात, नवी बारीक छिद्रं पडतात. वाळवी लाकूड पोखरते तसं म्हणा, फक्त इथे ते किती पोखरायचं हे आपण ठरवतो. कमी पोखरलं तर कार्बन आळशी राहतो, जास्त पोखरलं तर भुगा होतो आणि वजन जातं.

या पोखरण्यानं आतला पृष्ठभाग किती वाढतो? चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या घरात. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढ्या पुडीत सात-साडेसात कबड्डीची मैदानं! क्लोरीन, रंग, वास देणारे पदार्थ या भिंतींवर अडकतात. साध्या कोळशात हे मैदान घडी घालून कुलूपबंद असतं असं समजा.

नऊशे अंश ही छोटी गोष्ट नाही. साधा लोखंडी ड्रम सहाशेच्या पुढे रोज ठेवलात तर त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. आतून भट्टीच्या विटांचं अस्तर, फिरती भट्टी, वाफेचा बॉयलर, तापमानावर नियंत्रण आणि निघणारे वायू नीट जाळायची सोय हे सगळं लागतं. शिवाय वाफेची ही क्रिया उष्णता खाते, म्हणजे भट्टीला सतत उष्णता देत राहावी लागते. ड्रम आणि फवारणी पंपात हे बसत नाही.

ही पद्धत नवी नाही. राफाएल फॉन ऑस्ट्रेयको यानं १९०० आणि १९०१ च्या सुमारास वाफेच्या आणि रसायनाच्या अशा दोन्ही पद्धतींची पेटंट घेतली. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आल्यावर मुखवट्यांसाठी असा कार्बन लागला, तेव्हा अमेरिकेत लोकांकडून फळांच्या कोयी आणि कठीण कवचं गोळा केली गेली. टणक कवचापासून बनणारा कार्बन कठीण असतो आणि त्याची छिद्रं अतिशय बारीक असतात, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. आजही पाण्याच्या फिल्टरला नारळाच्या करवंटीचा कार्बन मागतात तो याच कारणानं.

मग ॲसिडचं काय?

ॲसिडनंही ॲक्टिव्हेट करतात, हे खरं आहे. म्हणूनच त्या कोटेशनवर विश्वास बसतो. अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त विकलं जातं.

खरी पद्धत अशी. फॉस्फोरिक ॲसिड तयार कोळशावर मारत नाहीत. ते कच्च्या मालात, म्हणजे भुशात किंवा लाकडाच्या चुऱ्यात मुरवतात. मग तो माल चारशे ते सहाशे अंशांवर तापवतात. ॲसिड लाकडातलं पाणी ओढून घेतं, डांबर होऊ देत नाही आणि लाकडाचा सांगाडा आकसायच्या आधीच त्यात शिरून बसतं. नंतर पाण्यानं धुऊन ॲसिड बाहेर काढलं की जिथे ते होतं तिथे पोकळी राहते. म्हणून धुणं ही यातली निम्मी प्रक्रिया आहे. ते धुतलेलं ॲसिड परत गोळा करून वापरलं तरच खर्च परवडतो, आणि उरलेलं आम्लाचं पाणी सोडायला प्रक्रिया लागते. झिंक क्लोराइडनंही पूर्वी खूप माल बनायचा, पण जस्ताचे अंश मागे राहतात म्हणून खाण्याच्या आणि औषधाच्या कामात तो मागे पडला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पद्धत तयार कोळशावर चालते, पण त्याला सातशे ते नऊशे अंश लागतात आणि ते भट्टीचं लोखंडही खातं.

आता कोटेशन पुन्हा वाचा. कोळसा आधीच झालेला, म्हणजे ॲसिडला शिरायला जे लाकूड हवं होतं ते मोडून गेलेलं. वरून फवारणी. पुन्हा तापवणं नाही, ऊन दाखवायचं. उन्हात तापून तापून माल किती तापेल? साठ-सत्तर अंश? आणि धुण्याचा उल्लेखच नाही. यातून ॲक्टिव्हेटेड कार्बन होत नाही. होतो तो ॲसिड लागलेला साधा कोळसा. तो कोणाच्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये गेला तर क्लोरीन काढणार नाही, उलट ॲसिड पाण्यात सोडेल. त्या ताईंना मी हेच लिहिलं, आणि सोबत मशीनवाल्याला विचारायला तीन प्रश्न दिले: तुमच्या मशीनमध्ये बनलेल्या मालाचा आयोडीन नंबर किती, तो कुठल्या लॅबनं काढलाय, आणि मी माझी दहा किलो करवंटी घेऊन आले तर माझ्यासमोर बनवून द्याल का? त्याचं उत्तर आलं, "मॅडम, ऑफर शुक्रवारपर्यंतच आहे." दागिने घरात आहेत.

आयोडीन नंबर म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरून ठेवतो तो आकडा. पाण्याच्या फिल्टरसाठी ९०० ते १,१०० असा माल मागितला जातो. कार्बनच्या बाजारात भाव याच आकड्यावर बोलला जातो.

ॲसिडचा आणखी एक, वेगळा उपयोग आहे, त्याची गल्लत करू नका. तयार ॲक्टिव्हेटेड कार्बन सौम्य ॲसिडनं धुतात ते राख काढण्यासाठी. लाकडाची राख अल्कलीयुक्त असते, आपल्या आज्या राखेनं भांडी घासायच्या ते त्यामुळेच. कार्बनमध्ये ती राहिली तर सुरुवातीला पाण्याची चव आणि पीएच बदलतो. म्हणून पॅकेटवर "ॲसिड वॉश्ड" लिहितात. आणि "सिल्व्हर इम्प्रेग्नेटेड" म्हणजे कार्बनवर चांदीचा अंश बसवलेला, आत जंतू वाढू नयेत म्हणून. पोटॅशियम हायड्रॉक्साइड मुरवलेला कार्बन बायोगॅसमधला सडक्या अंड्यासारखा वास पकडायला वापरतात. रसायनानं कार्बनला अशी खास कामं शिकवता येतात, पण आधी तो नीट ॲक्टिव्हेट झालेला हवा.

जाता जाता फिल्टरवाली म्हणून एक सांगून ठेवते. जुना कार्बन उन्हात वाळवून पुन्हा चालू होत नाही. भिंतींवर अडकलेलं सोडवायला पुन्हा भट्टीचीच उष्णता लागते. आणि कार्बन क्षार काढत नाही, टीडीएस कमी करत नाही. कोणी तसं सांगून विकत असेल तर दुकान बदला.

मग छोट्यानं करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. पाच-दहा लाखांत ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या नादी लागू नका. कारखान्याला लागणारा चांगला करवंटी-कोळसा पुरवणं हा खरा छोटा धंदा आहे. हे खरेदीदार साधारण अशी अट घालतात: ओल १० टक्क्यांच्या आत, राख २ च्या आत, व्होलाटाइल १५ च्या आत, निव्वळ कार्बन ७५ च्या वर. राख वाढते ती बहुतेक वेळा माती, वाळू आणि सोडणाच्या तुसांमुळे. म्हणजे करवंट्या जमिनीवर ओतायच्या नाहीत, ताडपत्रीवर ओतायच्या, काथ्या खरवडून काढायचा. भट्टीत भोकं उघडी राहून हवा जास्त गेली तरी राख वाढते आणि उतारा घटतो. दर्जा म्हणजे एवढंच घरगुती शिस्तीचं काम आहे, यात अकरा लाखांचं मशीन कुठेच येत नाही.

ज्यांच्याकडे नारळ नाही त्यांच्यासाठी उसाचं पाचट आहे. पुण्याच्या आरती या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, शेतात जाळून टाकलं जाणारं पाचट बंद डब्यांत भरून कोळसा करायची भट्टी तयार केली. त्या कामाला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. साध्या ड्रममध्ये मालाचाच काही भाग जळण म्हणून खर्ची पडतो. इथे डब्यांतून निघणारा वायूच बाहेरच्या भट्टीत जळतो आणि तोच डबे तापवतो. त्यामुळे धूरही कमी. पाचटाचा कोळसा भुसभुशीत असतो, म्हणून पुढे खळ घालून कांड्या कराव्याच लागतात.

गिऱ्हाईक मात्र नीट निवडा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. "मुंबईच्या हॉटेलांना तंदूरचा कोळसा पुरवू" असा प्लॅन कोणी दाखवला तर ही गोष्ट त्याच्यासमोर ठेवा.

कागदपत्रांचंही बघा. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये कोळसा, म्हणजे लोणारी कोळसा, जंगलातून आणलेला असो वा नसो, वनोपज या व्याख्येत येतो. म्हणून वाहतुकीचा पास तुमच्या मालाला लागतो का, हे वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा, टेम्पो नाक्यावर अडवल्यावर नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती भट्टी उभारण्याआधी. आणि "चारकोल फेसपॅक", "चारकोल दंतमंजन" करणाऱ्यांनो, सौंदर्यप्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. इस्त्रीचा कोळसा दळून डबीत भरणं हा ब्रँड नाही.

दोन गोष्टींत अजिबात हयगय नको. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. भट्टी आणि वाळवणीची शेगडी कायम उघड्यावर. दुसरं, ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून स्वतःच तापतो. बाहेरून गार वाटला तरी ढिगाच्या आत आग धरू शकतो. किमान एक पूर्ण दिवस-रात्र उघड्यावर पसरून, हात घालून खात्री करून मगच पोती भरा. जहाजानं जाणाऱ्या मालात कोळसा आपोआप पेट घेणारा पदार्थ म्हणूनच नोंदला जातो. निर्यातीचं स्वप्न असलेल्यांनी त्याचे नियम आधी एजंटकडून लेखी घ्यावेत.

घरी करून बघायच्या चाचण्या

कोळशाचा तुकडा फरशीवर टाका. नीट भाजलेला खणखणतो, मोडल्यावर तोंड चकचकीत दिसतं. कच्चा बद्द आवाज करतो आणि मोडल्यावर आत तपकिरी छटा दिसते. एक तुकडा पेटवून धूर बघा.

ओल बघायला शंभर ग्रॅम चुरा मोजून ओव्हनमध्ये १०५ अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवा, पुन्हा मोजा. जेवढं घटलं तेवढे टक्के पाणी. कोळसा विझवायला पाणी मारलेला माल इथेच पकडला जातो. मग तोच चुरा उघड्या पसरट भांड्यात, अंगणात, पूर्ण पांढरी राख होईपर्यंत जाळा आणि राख मोजा. दोन ग्रॅमच्या जागी आठ ग्रॅम भरली तर माती आली कुठून ते शोधा.

आणि ॲक्टिव्हेटेडची परीक्षा. दोन ग्लास पाण्यात सारखे थेंब निळी शाई घाला. एकात एक चमचा साध्या कोळशाची बारीक पूड, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा, तितकाच बारीक, जुन्या नव्हे तर नव्या फिल्टर कार्ट्रिजमधला कार्बन. अर्धा तास अधूनमधून ढवळा, मग गाळणकागदातून गाळा. दोन्ही ग्लास खिडकीत शेजारी ठेवून बघा. ज्याच्याकडून "ॲक्टिव्हेटेड" विकत घेताय किंवा मशीन घेताय, त्याचा माल तिसऱ्या ग्लासात घाला.

ही चाचणी ढोबळ आहे, तिच्यावर सौदा करू नका. सौद्यासाठी लॅबमधून रिपोर्ट घ्या. जळणाच्या कोळशाला ओल-राख-व्होलाटाइलची चाचणी आयएस १३५० प्रमाणे, ॲक्टिव्हेटेड कार्बनला आयएस ८७७ प्रमाणे, असं लेखी मागा. नमुना ढिगाच्या वरून एका मुठीत घेऊ नका. वरून, मधून, तळातून, वेगवेगळ्या पोत्यांतून घ्या, एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा. शेवटी उरेल तो अर्धा किलो बंद डब्यात, तारीख टाकून. तेवढाच दुसरा डबा सही करून तुमच्याकडे ठेवा. खरेदीदार म्हणाला "राख जास्त आली", तर हा डबा तुमच्या बाजूनं बोलतो.